परवाना कुणाचा, बंदूक कुणाची?

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री पांढरकवडा वनविभागात, बोराटीच्या जंगलात टी-१ ऊर्फ अवनी वाघीण गोळीनं मारली गेली. गावांत फटाके वाजले, मिठाई वाटली गेली. शहरांत निषेध झाले. आपल्यापैकी अनेकींनी तेव्हा घाईनं एक बाजू धरली. मला काही ते जमलं नाही.

फटाके वाजवणाऱ्या बायांना नावं ठेवायचा हक्क आपल्याला नाही. दोन वर्षांत तेरा मृत्यू या वाघिणीच्या नावावर मांडले गेले. त्यातला पहिला, जून २०१६ मधला, शेतात गेलेल्या एका साठीच्या बाईचा. सरपण, चारा, निंदण ही कामं वाघ पकडला जाईपर्यंत थांबत नाहीत, आणि निंदणारी बाई वाकलेलीच असते.

पण बायांच्या भीतीच्या नावानं सत्तेनं काय केलं, हेही बघायला हवं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११ सांगतं, की पकडणं, बेशुद्ध करणं, हलवणं शक्य नसेल तरच मारण्याची परवानगी. आदेशही आधी पकडण्याचाच होता. सर्वोच्च न्यायालयानं त्यात हस्तक्षेप केला नाही. प्रत्यक्षात गोळी झाडली ती अंधारात, पशुवैद्य सोबत नसताना, आणि नेमलेल्या शिकाऱ्यानं नव्हे, तर त्याच्या मुलानं! बेशुद्धीचा डार्ट नंतर हातानं खोचल्याचा संशय राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीनं नोंदवला. खुलासा काय, तर ‘स्वसंरक्षण’. कोठडीतल्या आणि चकमकीतल्या मृत्यूंच्या चौकशा मागणाऱ्या आपल्याला हा शब्द चांगला ओळखीचा आहे.

या मोहिमेनं एका बाईचा जीवही घेतला. ऑक्टोबर २०१८ मध्ये वाघीण शोधायला आणलेला हत्ती सुटला आणि चाहांद गावात त्यानं एका तरुण बाईला मारलं. तेरांच्या यादीत ती नाही. तिच्यासाठी ना फटाके, ना निषेध.

परवान्याचा कागद हाती आला की अंगात येतं, हे इथलंच नाही. २०२४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात विनापरवाना पाळलेली एक खार अधिकाऱ्यांनी प्राणी-आश्रयस्थानावर छापा घालून नेली आणि रेबीजच्या तपासणीसाठी मारली. रेबीज निघाला नाही.

टिपेश्वरच्या आसपास वाघ आजही आहेत, म्हणजे असा आदेश पुन्हा निघू शकतो. तेव्हा त्याची मराठी प्रत ग्रामपंचायतीत लागावी, बंदूक कुणाच्या हाती आहे ते नावानिशी कळावं, आणि शेतावर जाणाऱ्या बायांना आधी ग्रामसभेत बोलावून विचारावं. आपल्या गटांनी ही मागणी आत्ताच, गावं शांत असताना, वनविभागाकडे लावून धरावी.