मधुमेह असेल तर फ्लूची लस घ्यावी का? शिफारस असूनही घेणारे इतके कमी का?

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं शिरपूर जैन हे अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे देशभर ओळखलं जातं. दूरदूरचे भाविक इथे येतात. पाऊस सुरू झाला की कोणत्याही गावासारखा इथेही सर्दी-तापाचा हंगाम येतो. बहुतेकांसाठी हे चार दिवसांचं दुखणं असतं. मधुमेह असलेल्यांसाठी मात्र तो न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो.

आयसीएमआरच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. मधुमेहतज्ज्ञांच्या संघटना या रुग्णांना दरवर्षी फ्लूची लस घ्यायला सांगतात. पण २०१७-१८ च्या ‘लासी’ या देशव्यापी सर्वेक्षणात ४५ वर्षांवरच्या लोकांपैकी जेमतेम दीड टक्का लोकांनी ही लस घेतल्याचं दिसलं.

धोका जास्त का?

रक्तातली साखर सतत वाढलेली असली की पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते. शिवाय तापामुळे साखर आणखी वाढते. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये २००९ च्या स्वाईन फ्लू साथीत मधुमेहींना रुग्णालयात दाखल करावं लागण्याचा धोका सुमारे तिप्पट आढळला होता.

महाराष्ट्राने हा आजार जवळून पाहिला आहे. देशातला स्वाईन फ्लूचा पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला. त्यानंतर २०१५ मध्ये राज्यात ९०० हून अधिक, तर २०१७ मध्ये ७०० हून अधिक जणांचा या आजाराने बळी घेतला.

सरकार ही लस देतं का?

२०१५ पासून राज्य सरकारने गरोदर महिला, आरोग्य कर्मचारी आणि मधुमेह व उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. पण बाळांच्या लसींप्रमाणे ती राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात नाही. त्यामुळे गावपातळीपर्यंत नियमित पुरवठा होईल अशी पक्की व्यवस्था उभी राहिलेली नाही. खासगी दवाखान्यात एका डोसला साधारण दीड ते दोन हजार रुपये लागतात, तेही दरवर्षी. शेतमजुरासाठी ही अनेक दिवसांची मजुरी झाली.

नेहमीच्या शंका

‘लसीनेच फ्लू होतो’: इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यामुळे फ्लू होत नाही. हात दुखणं किंवा एखादा दिवस कणकण जाणवणं होऊ शकतं.

‘करोनाची लस घेतली आहे’: ती वेगळ्या विषाणूसाठी होती.

‘एकदा घेतली, पुरे’: फ्लूचा विषाणू बदलत राहतो आणि लसीचा प्रभावही ओसरतो. म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते.

‘लस घेऊनही फ्लू होतो’: हे खरं आहे. विषाणूशी चांगली जुळलेली लससुद्धा आजाराचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनीच कमी करते. पण फ्लू झालाच तर तो गंभीर होण्याची शक्यता कमी होते.

अडचण नेमकी कुठे?

लसीबद्दलची भीती हे एक कारण आहे, पण त्याआधी ती सुचवणारं कोणी भेटावं लागतं. डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं तर रुग्ण लस घेण्याची शक्यता बरीच वाढते, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडे असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून मधुमेहाची तपासणी होते, गोळ्या मिळतात. म्हणजे रुग्ण आरोग्य केंद्रात येतोच. त्याच भेटीत लसीची आठवण करून दिली आणि डोसही तिथेच मिळाला, तर वेगळी फेरी मारायची गरज उरणार नाही.

कधी आणि कोणती घ्यावी?

महाराष्ट्रात पावसाळ्यात फ्लू वाढतो आणि लसीचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून एप्रिल-मे हा योग्य काळ. मधुमेहींनी नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस न घेता इंजेक्शनचीच घ्यावी. पुढच्या वेळी साखर तपासायला जाताना ‘यंदाची फ्लूची लस मिळेल का?’ हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं.