जुनी जीप, नवे इंजिन आणि मूळ रूपाचा हट्ट

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात एका पिढीला ‘सरकार’ ओळखीचे झाले ते जीपच्या रूपाने. तहसीलदाराची फिरती असो, दुष्काळी कामाची तपासणी असो, लस टोचणारे पथक असो की निवडणुकीचा प्रचार असो. डांबर संपल्यावर जी गाडी पुढे जाई, तिचे नाव जीप. त्या गाड्यांपैकी ज्या आज उरल्या आहेत, त्या लिलावातून शेतकऱ्यांच्या गोठ्याशेजारी किंवा हौशी मालकांच्या अंगणात येऊन विसावल्या आहेत. त्यांचा लोखंडी सांगाडा बहुधा अजून ठणठणीत असतो. थकलेले असते ते इंजिन. अशा जीपमध्ये अलीकडच्या गाडीचे इंधन-इंजेक्शनवर चालणारे इंजिन बसवून घेण्याकडे मालकांचा ओढा वाढला आहे. जीप पुन्हा डोंगर चढू लागते, धूर कमी होतो. आणि त्याच क्षणी ती कायद्याच्या दृष्टीने अपराधी ठरते. या विसंगतीचा शांतपणे विचार होण्याची गरज आहे.

जीपचे ‘मूळ रूप’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपला 2.2 लिटरचे, 60 अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते. युद्धानंतर त्याच घराण्याचे अधिक जोमदार इंजिन तयार झाले; परंतु ते उंच असल्याने जुन्या बॉनेटखाली मावेना. तेव्हा विलीज कंपनीने बॉनेटच उंच केले आणि 1953 साली ‘सीजे-3बी’ ही जीप बाजारात आणली. भारतीयांच्या डोळ्यांसमोर जीप म्हणून जी आकृती उभी राहते ती हीच. म्हणजे जिला आज अस्सल रूप मानले जाते, ते रूपच मुळी इंजिन बदलल्यामुळे घडलेले आहे! महिंद्र कंपनीने 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. पुढे डिझेलची ओढ वाढली, तेव्हा ट्रॅक्टरच्या घराण्यातील डिझेल इंजिन आणि त्यानंतर पुजो कंपनीच्या परवान्याने बनलेले 2.1 लिटरचे इंजिन त्याच जातीच्या सांगाड्यावर चढले. मारुतीची जिप्सी 1985 मध्ये कार्बोरेटर घेऊन आली आणि काही वर्षांनी तिलाही 1.3 लिटरचे, इंधन-इंजेक्शनचे, 80 अश्वशक्तीचे इंजिन मिळाले. कारखान्याने केले ते संशोधन आणि गॅरेजमध्ये झाले ती मोडतोड, असा भेद करायचा असेल तर त्याला तपासणीचा आधार हवा. केवळ जागेचा नव्हे.

या बदलामागे निव्वळ वेगाची हौस असते, हा समजही एकांगी आहे. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल एका लहान वाटीत साठते आणि त्याची पातळी तरंगत्या फ्लोटवर अवलंबून असते. गाडी तीव्र चढावर वा आडव्या उतारावर कलली की वाटीतले पेट्रोल एका बाजूला सरते. इंजिन कधी उपाशी राहते, तर कधी अति पेट्रोलाने गुदमरते. ज्या वाटांसाठी जीप जन्माला आली, नेमक्या तेथेच ती बंद पडते. इंजेक्शनच्या पद्धतीत पंप ठरावीक दाबाने इंधन पुरवितो, संवेदक हवेचे व तापमानाचे मान घेतात आणि धुराच्या नळीतील संवेदक उरलेला प्राणवायू पाहून इंधनाची मात्रा क्षणोक्षणी सुधारीत राहतो. एका भाग पेट्रोलाला सुमारे 14.7 भाग हवा हे प्रमाण राखले गेले, तरच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विषारी वायूंचा नीट निचरा करू शकतो. कार्बोरेटरच्या हातून हे सातत्याने घडणे शक्य नाही. त्यातच 2023 पासून 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात पसरत गेले. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व गॅस्केटांना बाधते, आणि जुन्या कार्बोरेटरला मिश्रण आपोआप बदलता येत नाही. जुन्या गाडीच्या मालकाने जुनेच इंजिन सांभाळीत बसावे हा उपदेश त्यामुळे दिवसेंदिवस अवघड होत आहे.

तथापि या प्रश्नाची दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. इंजिन ही सुटी वस्तू नव्हे. नव्या इंजिनाबरोबर त्याचा संगणकी नियंत्रक, संपूर्ण वायरिंग, दाबाचा पंप, तो दाब सोसणाऱ्या नळ्या, टाकीकडे इंधन परतण्याची सोय, मोठा रेडिएटर आणि धुराची संपूर्ण व्यवस्था यावी लागते. युद्धकाळातील जीपची वीजव्यवस्था 6 व्होल्टची. तीही बदलावी लागते. इंजिन गिअरबॉक्सला जोडण्यासाठी मधली तबकडी घडवावी लागते आणि तिच्यात किंचित तिरकेपणा राहिला तरी क्लच व बेअरिंग खाल्ले जातात. इंजिनाचा तेलाचा तळ पुढच्या आसाला टेकणार नाही, हेही पाहावे लागते. या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ब्रेक. साठ घोड्यांना आवरण्यासाठी केलेले ड्रम ब्रेक आणि जुने स्टिअरिंग यांच्यावर अधिक बळाचे ओझे टाकणे म्हणजे घाटात संकटाला आमंत्रण देणे होय. कित्येक गॅरेजांत मात्र इंजिन तेवढे उचलून बसविले जाते. कन्व्हर्टर काढून टाकला जातो, संवेदकाची तार लोंबत ठेवली जाते. असे अर्धवट काम जुन्या कार्बोरेटरपेक्षाही घातक ठरू शकते. म्हणूनच शासनाने या विषयात पडूच नये, असे कोणी समंजस माणूस म्हणणार नाही.

शासन पडते, ते कसे, हे पाहण्याजोगे आहे. 1988च्या मोटार वाहन कायद्यातील 52व्या कलमानुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात ठरविलेल्या तपशिलांपासून भिन्न होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील निकालात या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. न्यायालयाला दोष देण्याचे कारण नाही. कायदा जसा आहे तसाच त्याने वाचला. परंतु त्याच कलमात सीएनजी, एलपीजी आणि बॅटरी यांच्या संचांना सशर्त मुभा आहे. म्हणजे जीपच्या पेट्रोल टाकीशेजारी वायूची टाकी बसविता येते, इंजिन काढून विजेची मोटारही बसविता येते. मात्र धुराच्या कडक कसोटीला उतरलेले पेट्रोल इंजिन बसविता येत नाही! जुलै 2021 मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आले, ते स्वागतार्हच होते. पण ती नोंदणी मूळ रूपात जपलेल्या गाडीलाच मिळते आणि तशी गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. जीपने एक तर शोभेची वस्तू व्हावे, नाही तर भंगारात जावे, असाच याचा अर्थ झाला.

बंदीचा परिणाम बंदी होण्यात झालेला नाही; लपवालपवी होण्यात झाला आहे. आरसी बुकावर एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरे, अशा जीप सुखेनैव फिरतात. त्यांचे ब्रेक कोणी तपासीत नाही, कारण तपासणीस नेणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे. अपघात झाला, तर विमा कंपनीला हात झटकण्यास कारण मिळते आणि जखमी पादचाऱ्याच्या भरपाईचे कोर्टकज्जे लांबतात. जो नियम प्रामाणिक मालकाला अडवितो आणि बेफिकीर मालकाला मोकळा सोडतो, त्याला लोकहिताचा नियम म्हणणे कठीण आहे.

परदेशांचे अनुभव येथे उपयोगी पडण्यासारखे आहेत. धुराच्या बाबतीत अत्यंत कडक असलेल्या कॅलिफोर्निया राज्यात इंजिन बदलण्यास मनाई नाही. मात्र नवे इंजिन गाडीच्याच वर्षाचे किंवा त्याहून अलीकडचे असले पाहिजे, त्याची प्रदूषणरोधक साधने संपूर्ण बसविली पाहिजेत आणि नेमलेल्या तपासनिसाने ती डोळ्यांनी पाहून मान्य केली पाहिजेत. ब्रिटनमध्ये फार बदललेल्या गाडीची ओळख ठरविण्यासाठी 2025 पर्यंत गुण दिले जात असत. न कापलेल्या मूळ सांगाड्याला 5 गुण आणि इंजिनाला अवघा 1. आठ गुण भरले तर गाडीचा जुना क्रमांक टिकत असे. गाडीचा आत्मा कशात असतो, याचे हे व्यवहारी उत्तर होते.

आपल्याकडे असे केल्यास चोरीची इंजिने खपतील, हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. परंतु चोरीच्या इंजिनाला खरे संरक्षण मिळते ते आजच्या अंधारात; नोंदीच्या उजेडात नव्हे. देणगीदार गाडीची रीतसर रद्द झालेली नोंदणी आणि इंजिनाचा क्रमांक सादर करण्याची अट घातली, तर हा मार्ग बराच बंद होईल. परिवहन कार्यालयांपाशी एवढी यंत्रणा नाही, हा दुसरा आक्षेप. त्याला पुण्यातच उत्तर आहे. तेथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था 1966 पासून वाहनक्षेत्रात काम करीत आहे. प्रत्येक जीप तेथे नेण्याची आवश्यकता नाही. ठरावीक जीप आणि ठरावीक इंजिन यांच्या जोड्या एकदा तपासून प्रमाणित केल्या, तर त्या आराखड्याप्रमाणे झालेल्या कामाची पडताळणी जिल्ह्याच्या ठिकाणी करता येईल. वारसा नष्ट होईल, ही तिसरी भीती. तिच्यासाठी सांगाडा न कापण्याची आणि काढलेले इंजिन जपून ठेवण्याची अट पुरेशी आहे.

यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. 2019च्या दुरुस्तीनेच केंद्र सरकारला वाहनांतील बदलांचे निकष व मान्यतेच्या अटी ठरविण्याचा अधिकार दिला आहे. त्याखाली नियम तेवढे व्हावयास हवेत. त्या नियमांत एक गोष्ट स्पष्ट असावी: धुराची मर्यादा गाडीच्या वयाप्रमाणे नव्हे, इंजिनाच्या वयाप्रमाणे लावावी. जुन्या पेट्रोल गाड्यांना तपासणीत 3 टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे, तर भारत स्टेज-4च्या गाड्यांना 0.3 टक्के. नव्या इंजिनाचा लाभ घेणाऱ्याने नवी शिस्तही पत्करलीच पाहिजे. ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्या तपासणीवाचून कोणालाही मान्यता मिळू नये, हे ओघानेच आले.

यंत्राचा वारसा तो चालता राहिला तरच पुढच्या पिढीपर्यंत पोचतो. गावोगावच्या मिस्त्रींनी पाऊणशे वर्षे जीप जिवंत ठेवली ती गरजेपोटी आणि हातच्या कौशल्यावर. त्या कौशल्याला गुन्हेगार ठरवून सरकारच्या पदरी काही पडणार नाही. त्याला मोजमापाची शिस्त लावली, तर रस्ता अधिक सुरक्षित होईल, हवा थोडी स्वच्छ राहील आणि जीपलाही आपल्या खऱ्या नावानिशी घाट चढता येईल.