शाळेत समुपदेशक आहे, पण मुलांसोबत काम करायचं प्रशिक्षण आहे का?

१०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर हवा, असे निर्देश सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये दिले. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूचं हे प्रकरण होतं.

यात एक अट आहे. त्या व्यक्तीने बाल आणि किशोरवयीन मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेलं हवं.

वेगळं प्रशिक्षण कशासाठी?

लहान मूल ‘मला नैराश्य आलंय’ असं सांगत नाही. ते पोट दुखतं म्हणतं, शाळेत जायला नको म्हणतं. त्याला समजून घ्यायला खेळ, चित्रं, पालक आणि शिक्षकांशी बोलणं, सगळंच लागतं. किशोरवयीनांच्या बाबतीत पालकांना काय सांगायचं, काय नाही, हा प्रश्न येतो. लैंगिक अत्याचार समोर आला, तर मात्र ‘पोक्सो’ कायद्यानुसार तक्रार नोंदवणं बंधनकारक आहे. अशा वेळी काय करायचं, हे अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करूनच अंगवळणी पडतं.

पालकांनी काय विचारावं?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी लागते. पण फक्त नोंदणीवरून मुलांसोबतचा अनुभव कळत नाही. त्यामुळे पालकसभेत तीन प्रश्न विचारा: शिक्षण काय? मुलांसोबत देखरेखीखाली किती काम केलंय? गंभीर प्रसंगी मुलाला कुठे पाठवणार?

नेमणुकीने कागदावरची अट पूर्ण होईल. मुलाला मदत मिळेल की नाही, हे या उत्तरांवर ठरेल.