औषधाचा अडत्या

आयटीतल्या आपल्यापैकी कित्येकांनी अमेरिकन 'हेल्थकेअर क्लायंट'साठी रात्री जागवल्या आहेत. मीही त्यातलाच. तिकडे औषधाच्या दुकानात पेशंटने कार्ड दिलं की क्लेम सिस्टिममध्ये येतो आणि काही सेकंदांत उत्तर जातं. औषध यादीत आहे का, पेशंटने किती भरायचे, सगळं. हे उत्तर देणारा तो पीबीएम, म्हणजे फार्मसी बेनिफिट मॅनेजर. औषध कंपनी, विमा आणि दुकानदार यांच्या मधोमध बसलेला. आपल्या भाषेत, अडत्या.

आता अडत्या असायला माझी ना नाही. हजारो औषधांचे भाव कोणीतरी घासाघीस करून पाडायला हवेतच. माझा आक्षेप त्याच्या मेहनतान्याच्या लॉजिकवर आहे. औषध यादीत चांगल्या जागी बसावं म्हणून कंपनी पीबीएमला रिबेट देते, आणि ते बहुतेकदा छापील किमतीच्या टक्केवारीत असतं. म्हणजे भाव पाडण्यासाठी नेमलेल्या माणसाचा फायदा कशात? भाव चढण्यात! असा कोड आपण रिव्ह्यूत पास केला असता का हो?

अतिशयोक्ती वाटते? ह्युमिरा या संधिवाताच्या महागड्या औषधाला पर्याय म्हणून ॲम्जेनने जानेवारी २०२३ मध्ये ॲमजेविटा आणलं. एकाच औषधाला दोन किमती लावल्या. एक ह्युमिरापेक्षा ५ टक्के कमी, दुसरी ५५ टक्के कमी. महागडी कोणासाठी? ज्यांना रिबेटसाठी जागा हवी त्यांच्यासाठी. आणि इन्सुलिन? ह्युमालॉगची छापील किंमत १९९९ मध्ये २१ डॉलर होती, २०१७ मध्ये २७४च्या वर गेली. औषध तेच. २०२३ मध्ये इलाय लिलीने ती ७० टक्क्यांनी उतरवायची घोषणा केली, म्हणजे उतरवता येत होतीच की.

पीबीएमवाले म्हणतात, रिबेटचा मोठा भाग आम्ही कंपन्यांना आणि विम्याला परत देतो, त्यातून सगळ्यांचा हप्ता कमी होतो. मानलं. पण डिडक्टिबल संपेपर्यंत पेशंटचा हिशोब बहुधा छापील किमतीवर होतो. म्हणजे मधुमेही माणूस फुगवलेला भाव भरतो आणि त्यातून शेजारच्या टेबलावरच्या धडधाकट सहकाऱ्याचा हप्ता स्वस्त होतो. विम्यात धडधाकटांनी आजाऱ्याचा भार उचलायचा असतो ना? इथे गंगा उलटी वाहते.

बरं, बाजार म्हणावा तर पर्याय कुठे आहेत? सीव्हीएस केअरमार्क, एक्सप्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स या तिघांनी मिळून २०२३ मध्ये अमेरिकेतली जवळजवळ ८० टक्के प्रिस्क्रिप्शन्स हाताळली. तिघांच्याही घरात विमा कंपनी आहे, स्वतःची फार्मसीही आहे. विमा न वापरता रोख पैसे दिले तर औषध स्वस्त पडेल, एवढं सांगायलाही काही करारांत दुकानदाराला बंदी होती. ती उठवायला २०१८ मध्ये अमेरिकन काँग्रेसला कायदे करावे लागले!

जुन्या बैलबाजारात हातावर रुमाल टाकून, त्याखाली बोटं दाबून सौदे व्हायचे. हेही तसंच, फक्त रुमालाच्या जागी गोपनीयतेचा करार.

माझं म्हणणं साधं आहे. दर क्लेममागे ठरलेली हमाली घ्या, हवं तर चांगली भरपूर घ्या. पण टक्केवारी नको. आणि जो भाव पाडून आणलात, तो काउंटरवर उभ्या असलेल्या पेशंटला द्या.