एमबीए सीईटीची २२ पुस्तकं आणि माझ्या नावाचं एक कात्रण

परवा रात्री नऊच्या सुमारास आमच्या गल्लीतले एक गृहस्थ घरी आले. एसटीत वाहक आहेत. हातात पुठ्ठ्याचं खोकं. मुलगी बीकॉम झालीय, तिला एमबीएची सीईटी द्यायचीय. म्हणून मोठ्या शहरातल्या एका क्लासचं 'संपूर्ण साहित्य' हप्त्यांवर घेतलंय. २२ पुस्तकं! आठ हप्ते अजून बाकी. म्हणाले, "साहेब, जरा बघा ना. पोरगी दोन महिने पहिल्याच पुस्तकात अडकलीय. आपल्याला काय त्यातलं कळतंय?"

खोकं उघडलं तर निम्मी पुस्तकं कॅटची. आणि सगळ्यात वर, नीट घडी घातलेलं आमच्याच पेपरचं कात्रण. क्लासचं कौतुक करणारा लेख, खाली माझं नाव. जाहिरातीसोबत दिलेला मजकूर होता तो. मला ते माहीत होतं, त्यांना कसं कळणार? त्यांनी माझ्या नावाकडे बघून पैसे भरले.

म्हणून हे लिहितोय. फुकट आणि मनापासून.

मित्रांनो, "कोणतं पुस्तक चांगलं?" हा प्रश्न नंतरचा. आधी विचारा, परीक्षा कोणती?

राज्याच्या सीईटी कक्षाच्या एमबीए परीक्षेत आतापर्यंत १५० मिनिटांत २०० प्रश्न येत आलेत. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. त्यात ७५ प्रश्न तर्कशक्तीचे, २५ आकृत्यांचे, ५० गणिताचे, ५० इंग्रजीचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कॅटचं तंत्र वेगळं. दोन तास, तीन भाग, प्रत्येकाला ४० मिनिटं, आणि पर्यायी प्रश्न चुकला की एक गुण जातो. तिथे खोली लागते, इथे वेग. दहा-दहा मिनिटं खाणारी गणितं सोडवत ही पोरगी दोन महिने बसली होती. तिची चूक नाही, साहित्याची निवड चुकली.

माझं साधं मत सांगतो. प्रत्येक विषयाला एकच पुस्तक घ्या आणि ते संपवा. गणित कच्चं असेल तर आधी बालभारतीची आठवी ते दहावीची पुस्तकं काढा. शेकडेवारी, गुणोत्तर, व्याज सगळं त्यात आहे, मराठीत आहे आणि पीडीएफ फुकट मिळते. मग आर. एस. अग्रवाल यांचं अंकगणिताचं पुस्तक. अरुण शर्मांचं जाडजूड पुस्तक कॅट देणार असाल तरच, आणि त्यातही सोप्या पायरीपासून. शब्दसंग्रहासाठी नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' पुरतं. सोबत रोज इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख. हा पेपर इंग्रजीतूनच असतो, मराठी माध्यमाच्या मुलांनी हे पहिल्या दिवसापासून धरून चालावं.

उरलेले पैसे सराव परीक्षांना ठेवा. ज्या परीक्षेला बसणार, तिच्याच धर्तीच्या. पैसे भरण्याआधी एक चाचणी फुकट मागा. देत नसतील तर उठून या. आणि सोडवून झाल्यावर चुकलेले प्रश्न वहीत उतरवा. खरा अभ्यास त्या वहीत असतो.

आता आपल्या गावाचं. पालिकेच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची दोन कपाटं भरलेली आहेत, चांगलंच आहे. एमबीएचं एकही पुस्तक नाही. सीईटी संगणकावर होते आणि अभ्यासिकेत संगणक एक, तोही बंद. आपली पोरं मोबाईलच्या चार बोटांच्या पडद्यावर सराव करतात आणि परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा माऊस धरतात! पाच चालू संगणक आणि पुस्तकांचे दोन संच, एवढंच मागायचंय. सोमवारी मुख्याधिकाऱ्यांना अर्ज देतोय. सकाळी अकराला अभ्यासिकेसमोर या, सह्या हव्यात.

माझ्यापुरतं एक ठरवलंय. क्लासच्या जाहिरातीच्या मजकुराखाली यापुढे माझं नाव येणार नाही. संपादकांना तसं सांगितलंय. ते नाराज आहेत. चालेल.

त्या पोरीला चार पुस्तकं वेगळी काढून दिली, बाकी खोकं बांधून ठेवलं. हप्ते मात्र तिच्या बापाला भरावेच लागणार आहेत.