फिटनेस मेंदूचाही हवा, पण मराठीत



खुब्याचे हाड मोडलेल्या सत्तरीपुढच्या रुग्णाचा ईसीजी होतो, टू-डी इको होतो, साखर पाहिली जाते आणि फिजिशियनचा ‘फिटनेस’ मिळतो. त्याची स्मृती कशी आहे, हे बहुधा कोणी विचारत नाही. मग शस्त्रक्रियेनंतर एखाद्या रात्री तो बरळू लागतो, सलाईन उपटतो, पोटच्या मुलीला ओळखत नाही. घरचे म्हणतात, वात झाला. वॉर्डात हात बांधले जातात. स्मृती आधीच कमकुवत असलेल्यांना हा धोका फार मोठा असतो, आणि ती कमकुवत झाल्याचे अनेकदा घरातही कुणाच्या ध्यानात आलेले नसते.

म्हणूनच अमेरिकेतील शल्यचिकित्सक आणि वृद्धोपचारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१२ मध्येच शस्त्रक्रियेआधी स्मृतीच्या चाचणीची शिफारस केली. ‘मिनी-कॉग’ या चाचणीत तीन शब्द लक्षात ठेवायचे, घड्याळ काढायचे आणि ते शब्द पुन्हा सांगायचे, तीनेक मिनिटांचे काम. आता हे घड्याळ टॅबलेटवरही काढून घेतात. रेघ काढताना रुग्ण कुठे, किती थबकला, हेही यंत्र टिपते. नुसत्या कागदावरून ते कळत नाही, म्हणून मी या तंत्राच्या बाजूने आहे.

पण जिने आयुष्यात पेन्सिल धरली नाही, त्या आजीपुढे टॅबलेट ठेवला तर मोजली जाईल ती तिची शाळा. हरियाणातील बल्लभगड भागात निरक्षर ग्रामस्थांसाठी १९९०च्या दशकात मुद्दाम वेगळी हिंदी चाचणी घडवावी लागली, ती यामुळेच. आयसीएमआरचा स्मृतिभ्रंशासाठीचा चाचणीसंच सुरुवातीला ज्या पाच भारतीय भाषांत तयार झाला, त्यांत मराठी नव्हती. तेव्हा ही साधने विकत घेण्याआधी आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी ती मराठी बोलणाऱ्या, कमी शिकलेल्या रुग्णांवर पारखून घेतलीच पाहिजेत. तोवर तोंडी प्रश्न आणि घरच्यांकडे ‘वर्षभरात विसरणं वाढलंय का?’ एवढी चौकशी तरी आजपासून करता येईल.

गुण कमी आले म्हणून शस्त्रक्रिया नाकारणे मात्र घोर अन्याय ठरेल. खुबा तसाच ठेवला तर माणूस अंथरुणाला खिळतो. त्या गुणांवरून भूलतज्ज्ञाने गुंगीची औषधे जपून निवडावीत, शुद्धीवर येताच रुग्णाला चष्मा आणि श्रवणयंत्र परत मिळावे, आणि रात्री घरचे एक माणूस खाटेजवळ थांबू द्यावे, आयसीयूतसुद्धा.

– एक वाचक, सातारा