विश्लेषण : लग्नाच्या शूटमधला तोटा पगारातून वजा होतो का?

आठवडाभर मुंबईत नोकरी, शनिवार-रविवारी लग्नाचे शूट. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर पट्ट्यात असा जोडधंदा करणारे तरुण कमी नाहीत. कॅमेरा, लेन्स, एडिटिंगचा पीसी यांचा खर्च वाढला की वर्षअखेर तोटा दिसतो आणि पगारातून कापलेला टीडीएस परत मिळेल अशी आशा लागते. ती फोल ठरते.

नियम काय?

प्राप्तिकर कायदा १९६१ च्या कलम ७१ नुसार व्यवसायातील तोटा पगारातून वजा होत नाही. आकारणी वर्ष २००५-०६ पासून ही वाट बंद आहे. मुदत ठेवीचे व्याज किंवा घरभाडे यांतून मात्र तो वजा होतो. समजा, पगार १४ लाख, व्याज २० हजार आणि घसारा सोडून तोटा १ लाख २० हजार. व्याजातून २० हजार वजा होतील. उरलेला १ लाख पुढची आठ वर्षे नेता येईल, पण फक्त व्यवसायाच्या नफ्यातून वजा करण्यासाठी. त्यासाठी आयटीआर-३ मुदतीत भरावा लागतो.

गफलत कुठे होते?

सोपा म्हणून अनेक जण आयटीआर-४ भरतात. त्यात फोटोग्राफरचा नफा जमेच्या किमान ६ किंवा ८ टक्के धरला जातो, तर चित्रपटाच्या संकलकाचा थेट ५० टक्के. खिशातून पैसे गेले तरी कागदावर नफाच! एकदा निवडलेली ही योजना सोडताना ऑडिट मागे लागू शकते, म्हणून सीएला आधीच विचारलेले बरे.

कॅमेऱ्याचे काय?

दोन लाखांचा कॅमेरा एका वर्षात खर्ची पडत नाही. घसारा १५ टक्के, म्हणजे ३० हजार. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर निम्माच. २०२५ मध्ये दसऱ्याला, २ ऑक्टोबरला घेऊन त्याच दिवशी वापरात आणलेल्या कॅमेऱ्याचे ३१ मार्चपर्यंत १८१ दिवस भरतात. दिवाळीत घेतलेल्याचे नाही. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांसाठी दिवाळीत खरेदी करणाऱ्यांना हा फरक १५ हजारांचा पडतो.

कोरोनाकाळातील तोटा?

२०२०-२१ मध्ये लग्नेच रोडावली. त्या वर्षीचे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत, म्हणजे ऑडिट नसलेल्यांच्या वाढीव मुदतीत भरले असेल, तर तेव्हाचा शिल्लक तोटा आर्थिक वर्ष २०२८-२९ पर्यंतच्या नफ्यातून वजा करता येईल.